बॅलिनकॉलिगच्या दारूगिरणीबद्दल कॉर्कमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

आयर्लंडमधल्या कॉर्क, बॅलिनकॉलिग आणि आसपासच्या समस्त मराठी मंडळींस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारलं होतं, "रविवारी सकाळी दारूच्या गिरणीत यायला कोण कोण तयार आहे?" पंधरा मिनिटांत अकरा जणांनी हात वर केले. एकाने तर "परत येताना गाडी कोण चालवणार?" अशी दूरदृष्टीही दाखवली. मग मी खुलासा केला की मिडलटनची व्हिस्कीची डिस्टिलरी नव्हे, आपल्या रीजनल पार्कातली बंदुकीच्या दारूची गिरणी. त्यानंतर उरलो दोघं. त्यातला एक मी.

यात थोडा दोष मराठीचाही आहे. ग्लासात ओतायची ती दारू आणि तोफेत ठासायची तीही दारूच. मुंबईत माझगावजवळच्या दारूखान्याचं नाव ऐकून नवख्या पाहुण्याचे डोळे असेच लकाकतात आणि तिथे जहाजं तोडण्याचं भंगार पाहून तो हिरमुसतो. त्याच भागात आजही गनपावडर रोड आहे. म्हणजे नाव टिकलं, अर्थ गळून पडला. आपल्या पार्काचं नेमकं उलटं झालंय. इथे भिंती टिकल्यात आणि नाव गेलंय.

हे पत्र लिहायला दोन कारणं घडली. पहिलं म्हणजे त्याच ग्रुपवर एकाने लिहिलं, "इंग्रजांच्या कारखान्याच्या पडक्या भिंती. त्यात आपलं काय?" बारा जणांनी त्याला अंगठ्याचा लाइक दिला. दुसरं म्हणजे जूनमधल्या एका वाढदिवसाला आपल्यातल्याच कुणीतरी एका आडव्या पडलेल्या जात्याच्या दगडावर वापरून फेकायचं बार्बेक्यू पेटवलं. मी पोचलो तेव्हा पनीर टिक्का संपला होता आणि दगडावर काळा चौकोन उरला होता. नाव घेत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तो दगड कसला हे ठाऊक नव्हतं. ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून मी सांगतो.

आपण सगळे त्या पार्कात जातो. एका बाजूला ली नदी, दुसऱ्या बाजूला संथ कालवा, मधून पायवाट, स्ट्रोलर, कुत्री, सायकल शिकणारी पोरं. इनिसकारा पुलाच्या बाजूने चालत आलात तर आधी बंधाऱ्याचा आवाज येतो. तो बंधारा निसर्गाने केलेला नाही आणि कालवाही बदकांसाठी खणलेला नाही. बंधाऱ्याने नदीचं पाणी अडवायचं, कालव्यातून ते सावकाश पुढे आणायचं, चाकांवर सोडायचं आणि पुन्हा नदीच्या हवाली करायचं, अशी ती सगळी रचना आहे. झाडीत अधूनमधून ज्या जाडजूड भिंती दिसतात त्या त्या चाकांच्या शेजारी उभ्या होत्या. लहानमोठे अवशेष धरले तर पन्नासेक इमारतींच्या खुणा त्या जागेत अजून आहेत. पुण्याजवळ असं काही असतं तर दर रविवारी तिथे झेंडे घेऊन पन्नास ट्रेकर आले असते आणि कुणीतरी भिंतीवर बदामात नाव कोरलं असतं. इथे निदान दुसरं होत नाही.

गिरणी सुरू झाली १७९४ साली. चार्ल्स हेन्री लेस्ली नावाच्या कॉर्कच्या सावकाराने, म्हणजे तेव्हाच्या बँकरने, जॉन ट्रॅव्हर्सच्या भागीदारीत ती काढली. जागा अचूक निवडली होती. नदीला उतार, कॉर्कचं बंदर हाकेच्या अंतरावर, आणि तरीही शहरापासून आठेक किलोमीटर लांब, म्हणजे काही उडालंच तर आपलंच उडेल. पुढे दोनच वर्षांनी, डिसेंबर १७९६ मध्ये, आयरिश बंडखोर वुल्फ टोनला घेऊन फ्रेंचांचं आरमार याच परगण्यातल्या बँट्रीच्या खाडीत येऊन थडकलं. वादळाने त्यांना उतरू दिलं नाही, एवढंच. १७९८ मध्ये आयर्लंडभर उठाव झाला. अशा मुलखात खासगी मालकाची दारूगिरणी आहे हे लंडनला कसं सोसावं? १८०५ साली ब्रिटिश सरकारच्या दारूगोळा खात्याने, म्हणजे बोर्ड ऑफ ऑर्डनन्सने, ती विकत घेतली. नेपोलियनशी युद्ध पेटलं होतं. कालवे वाढवले, नव्या गिरण्या बांधल्या, आणि राखणीला गावात घोडदळाची बराक उभी केली. त्या बराकीत आधी इंग्रज फौज, मग आयरिश फौज, असं करत १९९८ पर्यंत सैन्य होतं. आज त्या जागी आपण दूध आणि कोथिंबीर आणायला जातो.

मग १८१५ साली वॉटर्लू झालं आणि गिरणीला टाळं लागलं. उघडून जेमतेम एकवीस वर्षं झाली होती, त्यातली दहा सरकारी. वॉटर्लूला फौज कुणाची होती? डब्लिनच्या वेलस्ली घराण्यातल्या आर्थरची, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनची. हाच तो, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. आपल्याला हरवणाऱ्या माणसानेच बारा वर्षांनी बॅलिनकॉलिगच्या कारागिरांना घरी बसवलं. युद्ध जिंकल्याने बेकारी येते, हा हिशोब त्यांना तेव्हा समजला असेल.

आता त्या "आपलं काय" वाल्या प्रश्नाकडे येतो.

बंदुकीची दारू तीन जिनसांची. शंभर भागांत पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक आणि पंचाहत्तर भाग सोरा. कोळसा अल्डर, वाळुंज अशा हलक्या लाकडाचा, तो इथलाच. पार्कातल्या ओलसर कडेला ही झाडं आजही दाटीने उभी आहेत. (वाळुंज म्हणजे विलो. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत नोकरी केलेल्यांनी इथे येऊन झाडाला एकदा हात लावावा.) गंधक सिसिलीचा. आणि सोरा? त्या काळात ब्रिटिश दारूत जाणारा सोरा मुख्यतः बिहारमधून, पाटण्याच्या बाजूने, कलकत्त्यामार्गे यायचा.

सोरा म्हणजे काय हे आपल्या आजीला बरोबर माहीत होतं, फक्त वेगळ्या नावाने. जुन्या वाड्यात मातीच्या भिंतीला पावसाळा सरल्यावर पांढरी बुरशीसारखी भुकटी फुटायची. भिंतीला लोणा लागला, असं आपण म्हणायचो आणि रंगाऱ्याला शिव्या घालायचो. गोठ्याजवळची माती, जुनी पडवी, गावाबाहेरचा उकिरडा, जिथे जनावराचं मूत मुरलेलं असतं तिथे तो जास्त फुटतो. बिहारमध्ये हाच लोणा गोळा करणारी जात होती, नोनिया. नावातच मीठ आहे. उन्हाळ्यात ही माणसं घराघरांच्या भिंती आणि गोठ्यांची जमीन खरवडायची. मातीचा हौद करून तळाशी बांबू आणि गवत अंथरायचं, वर ती माती, त्यावर पाणी. खाली झिरपलेलं तांबूस पाणी भट्टीवर उकळायचं आणि गार व्हायला ठेवायचं. सकाळी भांड्याच्या कडांना सुईसारखे स्फटिक लागलेले असायचे. हा कच्चा सोरा.

ईस्ट इंडिया कंपनीला याचं इतकं मोल होतं की १६९३ च्या सनदेतच अट होती, दरवर्षी ५०० टन सोरा सरकारला द्यायचा. प्लासी झाली १७५७ ला आणि १७५८ मध्ये मीर जाफरकडून कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता लिहून घेतला. शाळेत आपण प्लासीची गोष्ट क्लाइव्ह आणि आंब्याच्या बागेपर्यंत शिकलो. पोत्यांत भरलेल्या मातीपर्यंत कुणी नेलं नाही. जहाजाच्या तळाशी वजन म्हणून सोऱ्याची पोती ठेवत आणि वर मलमल, रेशीम. महाग माल वर, साम्राज्याचा माल खाली.

तेव्हा हिशोब करा. दारूच्या चार मुठींतल्या तीन मुठी सोऱ्याच्या. इथल्या पिंपात भरून जी दारू बाहेर पडली तिचा तीन चतुर्थांश भाग कुणाच्या तरी गोठ्यातून खरवडलेला होता. "पण तो तर बिहार," असं आता एकदोघं म्हणतील, मला खात्री आहे. मुंबईत बसून बिहार आपला नव्हे म्हणणारी मराठी माणसं मी पाहिली आहेत. कॉर्कमध्ये बसून कुणी तसं म्हटलं तर मात्र मला हसू येईल. इथे आपण सगळे एकाच रांगेत, एकाच काउंटरवर, एकाच रंगाचं परमिट नूतनीकरणाला उभे राहिलोय.

सोरा इथे पोचला की आधी त्याची रिफायनरीत शुद्धी. उकळायचा, मळी काढायची, गाळायचा, पुन्हा स्फटिक पाडायचे. मग तिन्ही जिनसा वेगवेगळ्या दळून चाळून एकत्र करायच्या. नुसतं मिसळून मात्र भागत नाही. सोऱ्यातला प्राणवायू कोळशाला आणि गंधकाला क्षणात मिळायला हवा असेल तर तिघं कणाकणाने एकमेकांत घुसले पाहिजेत. त्यासाठी तासन्‌तास रगडा. हे रगडायचं काम जिथे व्हायचं तीच खरी गिरणी, आणि पार्कातल्या त्या सगळ्यांत जाड भिंती तिच्याच.

माझी नऊ वर्षांची मुलगी पहिल्यांदा तिथे आली तेव्हा गवतात पडलेल्या त्या भल्यामोठ्या दगडी चाकापुढे थांबली. चाकाच्या मधल्या चौकोनी भोकात तिने कोपरापर्यंत हात घातला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, हा तिकोन्यावरचा घाणा आहे ना?"

मी चार वर्षं त्या दगडासमोरून जात होतो, माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात आम्ही तिकोना चढलो होतो. वाटेत चुन्याचा घाणा आहे, तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल: जमिनीत गोल चर आणि त्यात उभं दगडी चाक. बैलाने ते फिरवायचं, चुना आणि वाळू मळायची, त्यावर किल्ला उभा करायचा. इथलं यंत्र त्याचंच भावंड. फरक इतकाच की इथे एका आसावर दोन चाकं, प्रत्येक काही टन वजनाचं, चर नाही तर सपाट दगडी तळ, आणि बैलाऐवजी नदी. दोन गिरण्यांच्या मध्ये एक पाणचक्की, तिचे दात दोन्हीकडची चाकं फिरवणार. एका वेळी वीसेक किलोचाच घाणा घालायचा, जास्त नाही, आणि तो तीन-चार तास चालवायचा. मधून मधून पाणी शिंपडत राहायचं. दारू फार कोरडी झाली तर घर्षणाने पेटणार आणि फार ओली झाली तर मळली जाणार नाही. किती ओली हे सांगायला काटा नव्हता. हाताने चोळून, रंग पाहून, माणूस ठरवायचा. पुरणाला किती आटवायचं हे जसं आई सांगू शकत नाही पण चुकत नाही, तसंच. इथे चुकलं तर पुरण लागायचं नाही, छप्पर जायचं.

भिंती म्हणूनच तशा आहेत. एका बाजूला माणूसभर जाडीचा दगड, आणि बाकीच्या बाजू व छप्पर मुद्दाम हलक्या लाकडाचे. उडालं तर उडू दे, पण शेजारच्या गिरणीकडे नको, वर आणि बाहेर जाऊ दे. आपण किल्ल्याच्या तटबंदीकडे पाहतो तेव्हा बाहेरचा मारा डोळ्यांपुढे असतो. या भिंती आतल्या माऱ्यासाठी बांधल्यात. सिंहगडावर पुणे दरवाज्यातून आत गेल्यावर उजवीकडे जे दगडी दारूकोठार दिसतं, तेही अशाच भीतीने बांधलेलं. आपल्याकडे कोठारं शिल्लक आहेत. दारू करायची कशी, कुणी, कोणत्या यंत्रावर, हे इतक्या सलगपणे चालत पाहता येईल अशी जागा मला तरी घराजवळ मिळाली नव्हती. ती मिळाली इथे, सुपरमार्केटपासून दहा मिनिटांवर.

रगडलेली दारू दाबून तिच्या वड्या पाडायच्या, वड्या फोडून दाणे पाडायचे, चाळायचे, बारीक दाणा बंदुकीला, जाड दाणा तोफेला आणि खाणीला. मग दाण्याला झिलई, मग सुकवणं, मग पिंपात. हे सारं एका छपराखाली होत नसे. प्रत्येक काम वेगळ्या इमारतीत, एकमेकांपासून लांब, मध्ये झाडी. आणि माल इकडून तिकडे न्यायचा तो कालव्यातून होडीने, कारण गाडीचं लोखंडी चाक दगडावर घासलं की ठिणगी. आपण ज्या काठाने फिरतो तो कारखान्याचा आतला रस्ता होता. पायांत खिळ्यांचे बूट चालत नसत. हत्यारं लाकडाची किंवा तांब्याची. पिंपाच्या पट्ट्यासुद्धा लोखंडाऐवजी लाकडाच्या नाहीतर तांब्याच्या. त्यासाठी पिंपं करणाऱ्यांची, सुतारांची, गवंड्यांची सगळी वेगळी फौज होती.

तरीही स्फोट झालेच. गिरणीत अनेकदा झाले, माणसं गेली. पण मला सगळ्यांत जास्त चटका लावतो तो गिरणीबाहेरचा. नोव्हेंबर १८१० मध्ये कॉर्क शहरातल्या ब्रँडी लेनमध्ये रात्री घरं उडाली आणि वीसच्या आसपास माणसं मेली. गिरणीतला एक कामगार थोडी थोडी दारू चोरून घरी आणायचा, दगडखाणवाल्यांना विकायचा, आणि ती सुकवताना मेणबत्ती जवळ होती, असं सांगतात. पगार पुरत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

गिरणी १८ वर्षं बंद राहिली. १८३३ मध्ये लिव्हरपूलच्या टोबिन कंपनीने ती घेतली आणि थॉमस टोबिन ती चालवायला इथे आला. पुढे तो सर झाला, ओरिएल हाऊसमध्ये राहिला, आणि १८८१ मध्ये वारला. हो, तेच ओरिएल हाऊस, जिथल्या हॉलमध्ये आपली दोन बारशी झाली. टोबिन घराणं आधी गुलामांच्या व्यापारात होतं, नंतर पश्चिम आफ्रिकेतल्या पामतेलाच्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बंदूक आणि दारू म्हणजे चलनी नाणं. इथून पिंपं जायची, तिथून तेल यायचं. १८३० च्या दशकात वर्षाला सुमारे १६,००० पिंपं आणि दोनेकशे माणसं असा आकडा नोंदलेला आहे. शतकाच्या मध्यापर्यंत माणसं पाचशेच्या घरात गेली. बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला, कॉर्क परगण्यात माणसं रस्त्याकडेला मरत होती, तेव्हा या गावात पगार चालू होता. त्याच पगारामागे आफ्रिका होती आणि बिहारही. हे सगळं एकाच भिंतीत आहे. म्हणून कुणी मला म्हणालं की "त्या भिंतींचा अभिमान बाळगायचा का?" तर माझं उत्तर नाही. अभिमान नको. पण काय आहे ते माहीत तर हवं.

नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं आणि काळ्या दारूचे दिवस भरले. खाणवाले तिकडे गेले, मग फौजाही. १८९८ मध्ये गिरणी कर्टिसेस अँड हार्वे या बड्या कंपनीत गेली. बोअर युद्ध संपलं आणि १९०३ मध्ये चाकं कायमची थांबली. त्यानंतर सत्तरेक वर्षं तिथे फक्त आयव्हीची वेल वाढली. १९७४ मध्ये कॉर्क काउंटी कौन्सिलने जागा घेतली. पुढे एक रगडायची गिरणी पाणचक्कीसकट पुन्हा उभी केली, १९९३ मध्ये माहिती केंद्र उघडलं, आणि २००२ मध्ये ते बंद झालं. ३१ मे २०१९ पासून बॅलिनकॉलिग कॉर्क शहरात आलं, तेव्हा पार्कही शहराच्या कौन्सिलकडे गेला. मी ज्या दिवशी गेलोय त्या दिवशी त्या गिरणीला कुलूपच पाहिलंय. आतलं चाक फटीतून दिसतं. मोबाइलचा टॉर्च लावून पाहायचं.

पार्कात एक आजोबा रोज सकाळी कुत्र्याला घेऊन येतात. त्यांच्या तोंडी मी "रीजनल पार्क" कधी ऐकलं नाही, ते "पावडर मिल्स"च म्हणतात. त्यांनी मला गावातला फॅवरशॅम स्क्वेअर दाखवला, जिथे कामगारांची घरं होती. फॅवरशॅम हे इंग्लंडात केंटमधलं दारूगिरण्यांचं गाव. म्हणजे तिकडून आलेल्या कसबी माणसांनी इकडे येऊन आपल्या गावाचं नाव गल्लीला दिलं. दोनशे वर्षांपूर्वीचे ऑनसाइटवाले! आपण मुंबईचं नाव घराला देतो, त्यांनी आख्ख्या चौकाला दिलं.

आता मागण्या. जात्याच्या दगडांवर काही पेटवू नका. दगड तापला की तडकतो, आणि तो बदलून मिळत नाही. जाड भिंतींवर पोरांना चढवून फोटो काढू नका. दगडांच्या सांध्यांतला चुना जागोजाग निसटलाय, पोर पडेल नाहीतर दगड. गणपतीच्या आरासीसाठी "मोकळा पडलेला एखादा गोल दगड" आणायची कल्पना मागच्या वर्षी एकाने मांडली होती. ती त्याने चेष्टेत मांडली होती असं मी समजून चालतो.

आणि ज्यांचं रक्त गडसंवर्धनाने सळसळतंय त्यांना खास विनंती. तुम्ही गावाकडे कोयते घेऊन टाक्या उपसल्यात, बुरुजावरची झाडं काढलीत, मला त्याचा आदर आहे. इथे ते करायचं नाही. भिंतीवरची आयव्ही ओढून काढली तर तिच्या मुळांत अडकलेला चुना बरोबर येतो. जुन्या भिंतींच्या फटींत वटवाघळं असू शकतात आणि आयर्लंडमध्ये सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. काम करायचं तर परवानगीने, जाणकार माणसाच्या हाताखाली. नाहीतर हात खिशात.

जिथे आपण खरोखर उपयोगी पडू ते काम कंटाळवाणं आहे. शहराच्या विकास आराखड्यावर कौन्सिल नागरिकांकडून सूचना मागवतं. ऑनलाइन अर्ज असतो, वीस मिनिटं लागतात. आपल्यातल्या कितीजणांनी आजवर तो भरला? मीही भरला नव्हता. पुढच्या वेळी मी लिहिणार आहे की बंद गिरणी वर्षातून निदान काही दिवस उघडा, फलकांवर सोऱ्याचा आणि नोनियांचा उल्लेख असू द्या, आणि आफ्रिकेचाही. तुम्हीही आपापल्या शब्दांत लिहा. माझंच पत्र चिकटवून पाठवू नका, ते लगेच कळतं. इथे राहणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसांनी लिहिलंय, इतकं दिसलं तरी पुरे.

दुसरं, मला तीन माणसं हवीत. एकाला नकाशा काढता यावा. एकाचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं असावं. तिसऱ्याकडे प्रिंटर असावा. आपण मुलांसाठी चार पानांची मराठी पुस्तिका करू: बंधारा कुठे, कालवा कुठे, गिरणीची जोडी कुठे, आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न. शनिवारच्या मराठी वर्गाला शिवकालीन किल्ल्यांचा धडा आहेच. त्याच्या जोडीला एक तास या घाण्यापाशी घेतला तर पोरांना "रगडणे" हे क्रियापद आयुष्यभर विसरता येणार नाही.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मी इनिसकारा पुलाच्या बाजूच्या पार्किंगमध्ये थांबतो. बंधाऱ्यापासून सुरुवात करू, कालव्याच्या काठाने चालत गिरण्यांपर्यंत जाऊ. दोन तास धरा. साडेनऊनंतर पार्किंग भरतं, शक्य असेल तर दोन कुटुंबांनी एक गाडी आणा. काठाला चिखल आहे, पांढरे बूट नकोत. आग्यासारखी झोंबणारी नेटल्स वाटेच्या कडेला वाढलीत, पोरांना पूर्ण पँट घाला. चहा मी थर्मासमध्ये आणतो. आल्याचा. दुसरी दारू ज्यांना हवी आहे त्यांनी दुपारनंतर मिडलटनला जावं, मला हरकत नाही.

कळावे,
आपला,
एक बॅलिनकॉलिगकर